आयुष्यात काहीच नक्की नसताना आर्ट फोटोग्राफीतून प्रेरणा कशी घ्यायची?

तुम्ही लिहिलंय की नोकरीचं, घराचं, कशाचंच काही ठरलेलं नाही, फोटोग्राफीची आवड आहे पण कॅमेरा हातात घेतला की "आधी सगळं मार्गी लागू दे" असं वाटते आणि परत ठेवून देता. हे मी चांगलं ओळखते हो. मी नागपूरची, महाल भागात राहते, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, उन्हाळ्यात काहीच नाही आणि पुढच्या सत्रात नेमणूक होते की नाही ते दर वर्षी नव्याने. नऊ वर्षं झाली. त्यातली पहिली पाच मी पण "पर्मनंट झाली की करीन" म्हणत घालवली, बाबांचा जुना यशिका कॅमेरा कपाटात पडून होता, आणि त्या पाच वर्षांचा माझ्याकडे एकही फोटो नाही याचं मला अजून वाईट वाटते.

मला त्यातनं बाहेर काढलं योसेफ सुदेकने. प्रागचा फोटोग्राफर. बुकबाइंडिंग शिकलेला माणूस, पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला, ते काम सुटलं म्हणून फोटोग्राफीत आला, आणि ते जुने अवजड कॅमेरे तो एका हाताने सांभाळायचा. 1940 मध्ये प्राग जर्मनांच्या ताब्यात होतं, तेव्हा त्याने स्टुडिओच्या खिडकीतून फोटो काढणं सुरू केलं आणि 1954 पर्यंत त्याच एका खिडकीचे फोटो काढत राहिला. बाहेर अंगणातलं एक वाकडं झाड, काचेवर दंव, कधी पाण्याचे ओघळ, बस. युद्ध कधी संपते, कोण जिंकते, काय होते, कोणालाच माहीत नव्हतं, आणि हा रोज बघून राहिला की आज काचेवर काय आलं.

ते फोटो पाहिले आणि मी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेले. समोर कडुनिंब आणि शेजारच्यांची गच्ची, बाकी काही नाही. पण जानेवारीत सकाळी कुकर लावला की वाफेने काच धूसर होते, आणि त्या काचेतून गच्चीवर वाळत घातलेली साडी नुसता एक रंग म्हणून दिसते. मे महिन्यात त्याच खिडकीतून दुपारी बारा वाजता सगळं पांढरं फटक. एकच जागा, पण दोन दिवस सारखे नाही, आणि उद्या काय दिसणार ते मला ठरवता येत नाही. नेमणुकीचं पण मला ठरवता येत नाही, पण तिथे फक्त जीव टांगणीला लागतो, इथे सकाळी उठावंसं वाटते.

एक किस्सा सांगते. तीन वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात गांधीसागर तलावावर काढलेला अख्खा रोल मी स्कूटीच्या डिक्कीत विसरले, दोन दिवस, बाहेर 45 डिग्री. फिल्म उष्णतेने खराब होते, रंग सरकतात, धुरकटपणा येतो, हे माहीत होतं म्हणून खूप रडायला आलं, त्याच आठवड्यात कॉलेजने या वर्षी तुमचे तास नाहीत असं फोनवर सांगितलं होतं. तरी रोल कुरिअरने मुंबईला पाठवला. स्कॅन आले तर बरेच फोटो वायाच गेलेले, पण चार फ्रेममध्ये तलावाचं पाणी जांभळट आलं होतं आणि पायऱ्यांवर बसलेली माणसं जणू विरघळून राहिली होती. मी ठरवून तसा फोटो काढूच शकले नसते. त्यातला एक मोठा प्रिंट करून भिंतीवर लावलाय.

लोक अशा वेळी व्हिव्हियन मायरचं नाव घेतात, शिकागोत मुलं सांभाळण्याचं काम करायची, लाखाच्या वर फोटो, शेकडो रोल डेव्हलपच न केलेले, 2007 मध्ये तिचं सामान लिलावात गेलं तेव्हा ते सापडले आणि 2009 मध्ये ती गेली. फोटो जबरदस्त आहेत, पण मला तिच्या गोष्टीने प्रेरणा मिळत नाही, त्रास होतो. आपलं काम आपण बघितलं पाहिजे, दोन माणसांना दाखवलं पाहिजे. माझी आई माझे सगळे फोटो बघते, आवडला नाही तर तोंडावर सांगते.

तुम्ही काय करावं म्हणाल तर कॅमेरा नवीन घेऊ नका, मोबाईल चालतो. घराजवळची अशी जागा धरा जिथे तसंही रोज जाणं होते, बस स्टॉप, भाजीवाल्याचा कोपरा, काहीही. रोज एकच फोटो, आणि महिनाभर मागचे उघडून बघू नका, हे सगळ्यात अवघड आहे पण हेच करा. मग एका रविवारी सगळे एकत्र लावून बघा, त्यात तुम्हाला न विचारता काहीतरी आलेलं असेल, तिथून पुढे जा.

माझं सध्याचं सांगायचं तर जूनचं नेमणुकीचं पत्र अजून आलेलं नाही. यशिकात रोल आहे, 22 फ्रेम झाल्या, 14 उरल्या, त्या पावसापर्यंत पुरवायच्या आहेत कारण पहिल्या सरीनंतरची काच मला हवी आहे.