मटारच्या रोपापासून मोबाइलपर्यंत

प्रश्न : काका, माझा नातू संगणकावर व्हिडिओ जोडतो. तो म्हणतो, फाळक्यांच्या काळात कसले आले स्पेशल इफेक्ट? त्याला काय सांगू?
– एक आजी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आजी, त्याला आपल्या कलाभवनासमोर, म्हणजे त्या जुन्या कला-तंत्रशाळेसमोर घेऊन जा. दादासाहेब फाळके १८९०च्या सुमारास इथेच शिकले. छायाचित्रण हाताशी आलं, पुढे जादूचे प्रयोगही केले, आणि दोन्ही विद्या पडद्यावर एकत्र आल्या.

त्यांनी कुंडीत मटार पेरला, कॅमेरा रोखला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत गेले. पडद्यावर मिनिटाभरात अंकुर फुटून रोप वर आलं! तीच फिल्म दाखवून भांडवल उभं राहिलं, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. नातवाच्या मोबाइलमधला ‘टाइम-लॅप्स’ म्हणजे हेच.

‘कालियामर्दन’ (१९१९) त्याला जरूर दाखवा. कृष्ण झालीय त्यांची लेक मंदाकिनी. आधी तिचा साधा चेहरा दिसतो, मग त्यातूनच हळूहळू कृष्ण उमटतो. एक चित्र विरत असताना त्याच फिल्मवर दुसरं घ्यायचं, असं ते तंत्र. सगळा हिशेब हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर!

मी तरुणपणी जुन्या बॉक्स कॅमेऱ्यात रोल पुढे न सरकवता दोनदा खटका दाबून धाकट्या भावाचं ‘भूत’ काढलं होतं. एका फोटोसाठी तीन रोल गेले. म्हणून दादासाहेबांपुढे मी आजही हात जोडतो.

व्हिडिओतली पार्श्वभूमी बदलायला वापरतात त्या हिरव्या पडद्यामागेही हाच विचार आहे : दोन दृश्यं वेगळी टिपायची, एकावर एक बसवायची. त्याला मटार पेरायला सांगा, आजी. रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी फोटो.