बाथमधल्या जुन्या घरातला फ्लॅट घेताय, तर आधी पत्ता विचारा

तुमचा प्रश्न वाचला. इंग्लंडमधल्या बाथ शहरात नोकरी पक्की झालीय, सोबत बायको आणि सहा वर्षांची मुलगी, आणि अडीचशे वर्षांच्या जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातल्या, घरातला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने मिळतोय. तो घ्यावा की गावाबाहेरचा नवा, आणि तिथे एकटेपणा वाटतो का, एवढंच तुम्ही विचारलंय. व्हिसा, बँक, डॉक्टर यांची माहिती सरकारी साइटवर नीट दिलेली आहे, ती मी पुन्हा लिहीत नाही. अशाच एका घरात, पहिल्याच मजल्यावर मी सात वर्षं काढली. तुमचा प्रश्न वाचून काल रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

ही घरं मुळात कशी बांधली ते आधी समजून घ्या. रॉयल क्रेसेंटचे, म्हणजे बाथमधल्या अर्धगोलाकार घरांच्या रांगेचे, फोटो तुम्ही पाहिलेच असतील. वास्तुकार धाकट्या जॉन वुडने १७६७ साली काम सुरू केलं. तीस घरं, एकशे चौदा खांब, आणि समोरून बघावं तर एकच अखंड राजवाडा. पण वुडने आखला तो दर्शनी भाग. मागचं घर ज्याने त्याने आपापल्या सोयीने बांधून घेतलं. मागच्या गल्लीत एकदा जाऊन या. घरांची उंची एकमेकांशी जुळत नाही, खिडक्या वाटेल तिथे, पाइप भिंतीवरून उतरलेले. आमची गल्ली इतकी नावाजलेली नव्हती, पण रीत तीच.

अशा घरात तळघरात स्वयंपाकघर असायचं आणि कोळशाची कोठी फुटपाथखाली. तळमजल्यावर जेवणाची खोली, पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, त्याच्यावर झोपायच्या खोल्या, अगदी वर पोटमाळ्यात नोकर. सगळ्यात उंच छत आणि सगळ्यात मोठ्या खिडक्या दिवाणखान्याला. एका कुटुंबाचं हे उभं घर पुढे आडवं कापून त्याचे फ्लॅट झाले. आमच्या दिवाणखान्यात मधोमध पातळ भिंत घालून झोपायची खोली काढली होती. छताखालची पानाफुलांची चुन्याची नक्षी तीन भिंतींवरून फिरत यायची आणि चौथ्या भिंतीपाशी पान अर्धं असतानाच थांबायची. उरलेलं अर्धं पान पलीकडे, आमच्या पलंगाच्या वर. रात्री पडल्या पडल्या मी त्याच्याकडे बघत असे.

आता शाळेचं. माझ्या मनात आजही सलतं ते हेच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

घर कापलं की पत्ताही कापला जातो. आमच्या करारात ‘फर्स्ट फ्लोअर फ्लॅट’ होतं, काउन्सिल टॅक्सच्या (इथल्या घरपट्टीच्या) बिलावर ‘फ्लॅट ३’, आणि विजेच्या बिलावर नुसता घराचा आकडा. तीनही कागद खरे, घर एकच. मुलाच्या शाळेच्या अर्जाला पत्त्याचा पुरावा लागतो. कचेरीने कळवलं, कागद जुळत नाहीत. मी पत्र दिलं. घरमालकाचं पत्र मागितलं, तेही दिलं, तर त्यात चौथ्याच तऱ्हेने पत्ता. पाच आठवडे गेले. आम्ही अर्ज केला तेव्हा उतारावरच्या शाळेत एक जागा होती, दारापासून सहा मिनिटांवर. कागद जुळले तोवर ती गेली. इथे पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात एका शिक्षकामागे तीसच मुलं, असा कायदा आहे, त्यामुळे अपिलातही काही झालं नाही. माझा मुलगा नदीपलीकडच्या शाळेत गेला, दोन बस बदलून. आज तो चौदा वर्षांचा आहे, त्याचे सगळे जिवलग मित्र त्याच शाळेतले, आणि त्याला यातलं काही आठवतसुद्धा नाही. मला मात्र त्या उतारावरून शाळा सुटताना दिसली की अजून पोटात कालवतं. मी आधी विचारायला हवं होतं. तुम्ही विचारा. सही करण्याआधी घरमालकाकडून काउन्सिल टॅक्सवरचा पत्ता जसाच्या तसा लिहून घ्या, आणि करारात, विजेच्या खात्यात, बँकेत, सगळीकडे तोच घाला. विजेचं मीटर बहुधा तळघरात असतं; तुमचं नक्की कुठलं, ते स्वतः खाली जाऊन बघा.

थंडी म्हणाल तर, घर बहुधा लिस्टेड असणार. लिस्टेड म्हणजे संरक्षित इमारतींच्या सरकारी यादीतलं; त्यात परवानगीशिवाय फेरफार करणं हा गुन्हा आहे, दंडापुरती गोष्ट नाही. आमच्या घराला दुहेरी काचेची परवानगी मिळाली नव्हती. वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या, आत चौकटीत दोरीला बांधलेली वजनं, आणि फटींतून वारा. पण खिडकीच्या दोन्ही बाजूंना लाकडी पेटीसारखं काही दिसतंय का बघा. ती घडीची शटर असतात. आमची रंगाचे थरावर थर बसून चिकटली होती, आणि ती उघडतात हे मला दोन हिवाळे माहीतच नव्हतं. मालकाला विचारून नवऱ्याने रंगाच्या कडेने हळूहळू सुरी फिरवली, तेव्हा एकेक फळी उलगडत बाहेर आली. त्या रात्री पहिल्यांदा मी शाल न घेता जेवायला बसले.

एकटेपणाचं विचारलंत. वाटतो. कामाला लागा, मुलीला लोकांत न्या, मराठी मंडळी शोधा. त्याच्यावर मला आणखी लिहायचं नाही.

एक मात्र सांगते. माझं बालपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. तोही कापलेलाच होता, एकेका खोलीत एकेक भाडेकरू, पण चौक सगळ्यांचा. कुणाकडे काय शिजतंय, कोण कुणावर चिडलंय, सगळं कळायचं. आई एकदाच इथे आली, सहा आठवड्यांसाठी. आमचा जिना दगडी, प्रत्येक पायरीचं एक टोक भिंतीत रोवलेलं, दुसरं अधांतरी, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. आई भिंतीला हात लावून चढायची, कठड्याच्या बाजूला कधी गेली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, “या घरात बिऱ्हाडं किती?”

“पाच,” मी म्हटलं.

“मग आवाज कुठंय गं?”

मी म्हटलं, भिंती जाड आहेत. ते खरं नव्हतं. वरच्या बाईंचं पाऊल न् पाऊल आम्हाला ऐकू यायचं. चार वर्षांत मी त्यांच्याशी ‘गुड मॉर्निंग’पलीकडे बोलले नव्हते, आणि हे आईला सांगायची मला लाज वाटली. आई पुढच्या वर्षी गेली. ते सांगायचं राहूनच गेलं.

फ्लॅट घ्या. पहिला मजला आणि दक्षिणेची खिडकी असेल तर नक्की घ्या. हिवाळ्यात दुपारी जे थोडं ऊन येतं ते त्या उंच खिडक्यांतून खोलीच्या पार टोकापर्यंत पोचतं. सामान लागलं की पहिल्याच रविवारी मुलीला बरोबर घेऊन वरची आणि खालची दारं वाजवा, काहीतरी गोड करून न्या. मुलीच्या शाळेच्या अर्जाचं काही अडलं तर मला कळवा. कुठल्या कागदावर काय लिहायचं ते मला पाठ आहे.