सगळा वर्ग मशीन लर्निंग घेतोय, मग मी कुठला इलेक्टिव्ह घेऊ?

तू लिहिलंयस की कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा इलेक्टिव्हचा, म्हणजे आपण निवडायच्या विषयाचा, फॉर्म हातात आलाय. ॲडव्हान्स्ड डेटाबेस, इंटरनेट प्रोग्रामिंग, इमेज प्रोसेसिंग आणि मशीन लर्निंग या चारांतून एकच निवडायचाय, शिवाय दुसऱ्या शाखेचा एक ओपन इलेक्टिव्ह आहे. जवळजवळ सगळा वर्ग मशीन लर्निंगवर टिक करतोय. सीनियर म्हणतात, ज्यात मार्क सुटतात तो विषय घे. घरी चिपळूणला वडील म्हणतात, नोकरी कशात आहे ते बघ. शेवटी लिहिलंयस, ‘कोणी दादा-ताई या क्षेत्रात असतील तर नीट सांगा.’ तर दादा म्हणूनच सांगतो, आणि तुला ‘तू’च म्हणतो. मी गुहागरकडचा. पुण्यात बॅकएंडचं, म्हणजे वेबसाइट-ॲपच्या मागे चालणाऱ्या प्रोग्रामचं, काम केलं, आता रत्नागिरीत राहून तेच करतो. टीमसाठी नव्या मुलांच्या मुलाखती घेतो आणि अधूनमधून कॉलेजांत प्रोजेक्ट तपासायला जातो.

माझं उत्तर: ॲडव्हान्स्ड डेटाबेस घे. का, ते सविस्तर सांगतो, कारण असा फॉर्म पुढच्या प्रत्येक सेमिस्टरला येणार आहे आणि तेव्हा विषय वेगळे असतील.

एखाद्या विषयासाठी कॉलेज तुला नक्की काय देतं, ते बघ. शिकवणारं माणूस, लॅब, दर आठवड्याचं सबमिशन आणि परीक्षेचा धाक. जो विषय या चार गोष्टींशिवाय आपल्याच्याने पुरा होणार नाही, तो कॉलेजात घ्यावा. जो घरी बसून जमतो, त्यावर इलेक्टिव्ह खर्च करू नये. इंटरनेट प्रोग्रामिंग घरी जमतं. एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, रिॲक्ट हे सगळं फुकट शिकता येतं आणि मुख्य म्हणजे त्यात चूक झाली की ब्राउझर लगेच दाखवतो. बटण दाबलं आणि काही झालं नाही, तर कुठेतरी घोळ आहे हे कळायला सर लागत नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत तू स्वतःच एक बरी वेबसाइट उभी करशील. ती कर, जरूर कर, पण त्यासाठी इलेक्टिव्ह नको.

डेटाबेसच्या पोटातल्या गोष्टी तशा नाहीत. तिथे चूक दिसत नाही. प्रोग्राम सुरळीत चालतो आणि हिशोब चुकलेला असतो. समजा गावातल्या पतसंस्थेत एका खात्यात ५,००० रुपये आहेत आणि दोन खिडक्यांवर एकाच क्षणी त्या खात्याचं काम निघालं. पहिल्या खिडकीने शिल्लक वाचली, ५,०००. दुसरीनेही वाचली, ५,०००. पहिलीने २,००० वजा करून ३,००० ही शिल्लक लिहिली. दुसरीने १,००० वजा करून तिच्यावर ४,००० लिहिली. तिजोरीतून ३,००० रुपये गेले, शिल्लक २,००० असायला हवी, आणि खातं ४,००० दाखवतंय. कुठेही लाल अक्षरात एरर आली नाही. दोन्ही पावत्या बरोबर छापून आल्या.

मुलाखतीत मी हाच प्रश्न विचारतो. बहुतेक मुलं म्हणतात, ‘सर, लॉक लावायचं.’ म्हणजे एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला त्या खात्याला हात लावू द्यायचा नाही. बरोबर. मग विचारतो, दोन व्यवहार एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकून बसले तर? आणि काम अर्ध्यावर असताना वीज गेली तर चालू केल्यावर डेटाबेसला कसं कळतं, काय पुरं झालं होतं आणि काय नाही? इथे फार थोडे टिकतात. ज्यांना येतं त्यांनी हे लॅबमध्ये केलेलं असतं: दोन टर्मिनल उघडून, दोन्हीकडे ट्रान्झॅक्शन (व्यवहार) चालू ठेवून, आयसोलेशन लेव्हल (चालू व्यवहार एकमेकांपासून किती वेगळे ठेवायचे ते) बदलत काय होतं ते बघितलेलं असतं. हे एकट्याने करायचं कुणाला सुचत नाही. सरांनी प्रॅक्टिकलला लावलं की होतं.

आणि हे ज्ञान जुनं होत नाही. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडायची पद्धत, १९७० साली मांडलं, आणि मी आजही रोज त्याच मॉडेलवर काम करतो. माझ्या कामाच्या काळात कितीतरी फ्रेमवर्क आली आणि गेली. इंडेक्स (माहिती लवकर शोधायची सूची) कसा काम करतो, व्यवहार अर्धवट राहिला तर काय करायचं, हे प्रश्न जिथल्या तिथे आहेत. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, कंपायलर, डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम हे विषय त्याच जातीचे. पुढच्या फॉर्मवर यांतलं काही दिसलं तर आधी तिकडे बघ.

आता मशीन लर्निंग. मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. पण तो विषय प्रॉबॅबिलिटी आणि लिनियर अल्जिब्रावर उभा आहे. एम-थ्री, एम-फोर हे गणिताचे पेपर तू कसे पार केलेस ते तुलाच ठाऊक. आयगेन व्हॅल्यू म्हणजे काय, कंडिशनल प्रॉबॅबिलिटी म्हणजे काय, हे वही न उघडता सांगता येत असेल तर विषय गोड लागेल. नसेल तर सेमिस्टरभर तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला कोड) वापरण्यापलीकडे काही होणार नाही, आणि तेवढं तर घरी होतं.

मागे एका कॉलेजात प्रोजेक्ट तपासायला गेलो होतो. एका गटाने हापूसची प्रतवारी करणारं मॉडेल केलं होतं. कॅमेऱ्यासमोर आंबा धरायचा, स्क्रीनवर ‘चांगला’ किंवा ‘खराब’ असं येतं. मुलं मेहनती होती, बागेत जाऊन स्वतः फोटो काढले होते. डाग पडलेला, दबलेला आंबा मॉडेल बरोबर ओळखत होतं. मग त्यांनी सांगितलं की साका असलेलं फळही ओळखतं, अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर. मी थांबलो. साक्याचा आंबा आपल्याकडे कोणी वरून ओळखून दाखवलाय? साल तीच, रंग तोच, वासही तोच. कापल्यावर आतला गर पांढुरका, भुसभुशीत निघतो. फोटोत जी माहितीच नाही ती मॉडेल आणणार कुठून? त्यांचा तक्ता बघितला तेव्हा कळलं. शंभर फळांत दहा साक्याची असतील आणि मॉडेल डोळे मिटून सगळ्यांना ‘चांगला’ म्हणालं, तरी अचूकता नव्वदच येते. त्यांचं मॉडेल जवळजवळ तेच करत होतं. साक्याचं एकही फळ त्याने पकडलं नव्हतं.

यात मुलांचा दोष मी धरत नाही. वर्गात बहुधा आयरिसच्या १५० फुलांचा नाहीतर एमनिस्टच्या ७०,००० हस्तलिखित अंकांचा तयार डेटा देतात. तो स्वच्छ असतो, उत्तर त्यात आहे हे आधीच ठरलेलं असतं. माहिती मुळात पकडली गेलीय का, हा प्रश्न तिथे उठतच नाही. तो उठतो इमेज प्रोसेसिंगमध्ये. कॅमेरा काय टिपतो आणि काय टिपत नाही, उजेड बदलला की रंग कसा बदलतो, दिसणाऱ्या प्रकाशापलीकडे काय असतं. साक्यासाठी संशोधकांनी क्ष-किरण आणि निअर-इन्फ्रारेड वापरून बघितलेत ते याचसाठी. म्हणून तुझा ओढा खरोखरच एआयकडे असेल, तर माझा सल्ला असा की या फॉर्मवर इमेज प्रोसेसिंग घे आणि मशीन लर्निंग नंतर कर. नंतर तो विषय मिळणारच, आणि कॉलेजात नाही मिळाला तर एनपीटीईएलचे ऑनलाइन कोर्स आहेत.

एनपीटीईएलबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडच्या मुलांना त्याचा जेवढा उपयोग आहे तेवढा ती करून घेत नाहीत. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं असतात, नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, पैसे फक्त परीक्षेचे. ती परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. दर आठवड्याच्या असाइनमेंटला २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन. १२ आठवड्यांचा कोर्स साधारण ३ क्रेडिटचा धरतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांप्रमाणे विद्यापीठं एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् या सरकारी पोर्टलवरून घेऊ देऊ शकतात; एनपीटीईएलचे कोर्स त्यावरच असतात. तुझं कॉलेज किती देतं ते परीक्षा विभागात विचार, आणि क्रेडिट वळवून घ्यायचं असेल तर कोर्स सुरू व्हायच्या आधी लेखी परवानगी घे. पावसात रेंज जाते, म्हणून व्हिडिओ कॉलेजच्या वायफायवर उतरवून ठेवायचे.

मार्कांचं. सीनियर चुकीचं सांगत नाहीत, त्यांच्या बोलण्याला कारण आहे. बऱ्याच कंपन्या कॅम्पसला आधी पॉइंटरची (सरासरी ग्रेडची) चाळणी लावतात आणि चालू केटी (सुटायचा राहिलेला विषय) असेल तर बसूच देत नाहीत. तुझी एखादी केटी अडकलेली असेल, तर या वेळी हलका विषय घेऊन ती आधी सोडव, त्यात कमीपणा नाही. पॉइंटर बरा असेल तर मात्र एका विषयातल्या चार-पाच मार्कांसाठी जड विषय सोडू नकोस. सोपा म्हणून घेतलेला विषय शेवटच्या आठवड्यात पाठ होतो आणि परीक्षेनंतर आठवडाभरात जातो.

नोकरीचं वडिलांना असं सांग. आपल्याकडची मुलं पूल कॅम्पसला, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्र भरतीला, रात्रीच्या कोकणकन्येने ठाण्या-मुंबईला जातात. तिथे आधी ॲप्टिट्यूड, मग कोडिंग, मग मुलाखत. मुलाखतीत विचारतात डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, आणि तुझा प्रोजेक्ट. तुझा इलेक्टिव्ह कुठला होता हे मी तरी कुणाला विचारलेलं नाही. जो विषय आपल्याला आवडला असं उमेदवार सांगतो, त्यात खोल जाऊन विचारतो. गेट (एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा) द्यायचा विचार असेल तर तिथेही हीच मंडळी आहेत. कॉम्प्युटरच्या पेपरात १०० गुणांतले १५ ॲप्टिट्यूडचे, १३ गणिताचे, उरलेले ७२ अल्गोरिदम, डेटाबेस, नेटवर्क, कंपायलर यांसारख्या मूळ विषयांचे. डेटा सायन्स आणि एआयचा गेटचा स्वतंत्र पेपर २०२४ पासून सुरू झालाय, आणि त्यातही प्रॉबॅबिलिटी, लिनियर अल्जिब्रा आणि डेटाबेस आहेतच.

एक गोष्ट मात्र या सगळ्या हिशोबाच्या वर आहे: शिकवणार कोण? तुझ्या कॉलेजात इमेज प्रोसेसिंग शिकवणाऱ्या मॅडम जीव ओतून शिकवत असतील आणि डेटाबेससाठी अजून कोणी नेमलेलंच नसेल, तर माझं उत्तर बाजूला ठेव आणि मॅडमच्या वर्गात जाऊन बस. चांगल्या माणसाकडे शिकलेला विषय डोक्यात बसतो, आणि पुढचे विषय कसे शिकायचे हेही त्यातूनच कळतं. हे शोधायला सीनियरला ‘मार्क मिळतात का’ असं न विचारता ‘प्रॅक्टिकलला काय करायला लावलं’ असं विचार. त्यांची जर्नल मागून बघ. सगळ्यांच्या जर्नलमध्ये तेच आउटपुट चिकटवलेलं दिसलं तर काय ते समजेल.

ओपन इलेक्टिव्हबद्दल तू एका ओळीत लिहिलंयस की ‘तो काय, कुठलाही घेईन.’ तसं करू नकोस. तू चिपळूणची आहेस, २२ जुलै २०२१ चा पूर तुला मी सांगायला नको. बाजारपेठेत कुठे किती पाणी चढलं, हे त्या रात्री घराघरात ठाऊक होतं आणि नकाशावर कुठेच नव्हतं. सिव्हिलकडून जीआयएस (नकाशावर माहिती मांडायचं तंत्र) किंवा आपत्ती व्यवस्थापन यांपैकी काही देऊ करत असतील तर ते घे. त्यासाठीचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साधारण ३० मीटरच्या जाळीने जमिनीची उंची सांगणारा एसआरटीएमचा डेटाही फुकट आहे. वाशिष्ठीच्या काठचा भाग त्यात उघड, लोकांनी भिंतींवर केलेल्या पाण्याच्या खुणा मोजून त्यावर मांड. ३० मीटरची जाळी गल्लीबोळासाठी किती अपुरी पडते, तेही लगेच दिसेल, आणि मग काय हवं हा खरा प्रश्न सुरू होईल. समुद्राकडेही हेच आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाने मोजलेलं पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासे कुठे मिळतील याचा अंदाज मच्छीमारांना देते. त्यामागे डेटाबेस आहे, इमेज प्रोसेसिंग आहे, नेटवर्क आहे. आपल्या किनाऱ्यावर कॉम्प्युटरवाल्यांनी करण्यासारखं काम भरपूर पडलंय, आणि ते करायला इथली जमीन आणि पाणी ओळखणारी मुलं हवीत. तुझ्यासारखी मुलगी हा विषय ‘कुठलाही’ म्हणून घेते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता लगेच करायचं काम. ॲडव्हान्स्ड डेटाबेसला पुरेशी मुलं नसली तर कॉलेज तो इलेक्टिव्ह चालवतच नाही आणि तुला आपोआप मशीन लर्निंगला टाकतील. तेव्हा फॉर्म भरायच्या आधी ऑफिसात किमान संख्या किती लागते ते विचार. मग वर्गात ज्यांना एआयची खास ओढ नाही, केवळ सगळे घेतायत म्हणून जे घेतायत, त्यांच्याशी बोल. पतसंस्थेचं उदाहरण फळ्यावर मांडून दाखव. तेवढी नावं जमली की सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज घेऊन एचओडींना (विभागप्रमुखांना) भेटा, आणि विषय कोण शिकवणार हे त्याच भेटीत विचारून घ्या.