पुण्यात एप्रिल-मेमध्ये ३० किमी सराव करताना दर तासाला किती पाणी प्यावे?

ताशी अमुक मिली असा आकडा मी देणार नाही, आणि जो छातीठोकपणे देतो त्याचं ऐकू नका.

आमच्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ सर सगळ्यांना बजावायचे, "तहान लागायची वाट बघू नका, दर वीस मिनिटांनी बाटली तोंडाला लावा." माझ्या मावसबहिणीने ते तंतोतंत पाळलं. ती सावकाश धावते, म्हणजे घाम कमी आणि प्यायला वेळ भरपूर. खडकवासल्याच्या पुढे, डोणज्याच्या रस्त्यावर ती मळमळतंय म्हणून बसली. बोटं इतकी सुजलेली की अंगठी फिरेना. उलटीत नुसतं पाणी, बोलणं असंबद्ध. सर म्हणाले, "डिहायड्रेशन आहे, आणखी पाजा." मी बाटली हिसकावून घेतली आणि गाडी थेट हॉस्पिटलला नेली. रक्तातलं सोडियम लिटरला १२४ मिलिमोल निघालं, म्हणजे जास्त पाण्याने रक्तातलं मीठ पातळ झालं होतं. १३५ च्या खाली गेलं की कमीच. सलाइनही साधं नाही, तीन टक्के मिठाचं द्यावं लागलं. सरांचं म्हणणं आजही तेच, की ती पाणी कमी प्यायली होती.

हा प्रकार दुर्मीळ नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपताच ४८८ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम घसरलेलं होतं. धावताना वजन वाढलेल्यांना धोका सर्वांत जास्त होता. "मी साधं पाणी नाही, ओआरएस पाजत होतो" असा बचाव कुणी केला, तर तोही टिकत नाही. ओआरएसमध्ये लिटरला ७५ मिलिमोल सोडियम, रक्तात १४० च्या आसपास. भसाभसा प्यायलात तर त्यानेही रक्त पातळच होणार.

तुम्ही काय करायचं? धावण्याआधी आणि नंतर, घामाचे कपडे काढून वजन करा. किलोभर घटलं तर साधारण लिटरभर पाणी गेलं. थोडं घटलेलं चालतं, वाढलेलं अजिबात नाही. वाटेत तहानेपुरतं प्या, घरी आल्यावर मीठ घातलेलं ताक घ्या. आणि पहाटे पाचला निघा. मे महिन्यात नऊनंतर सिंहगड रस्त्यावर धावणं मला मान्यच नाही.

मात्र सूज नसून अंग तापलेलं असेल आणि माणूस बरळत असेल, तर तो उष्माघात समजा. आधी सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओता, मग हॉस्पिटल गाठा. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा.