परतीचं तिकीट अकरा मार्चचं

प्रिय पोरी,

ऑस्ट्रेलियातल्या २०२६ च्या महिला आशियाई फुटबॉल चषकाबद्दलचा तुझा मेसेज दोनदा वाचला. "काका, पर्थला व्हिएतनामचा सामना बघते आणि परत येते. जपानसमोर काय होणार ते दिसतंच आहे, आणि सिडनी परवडत नाही." एवढा चोख हिशेब मांडल्यावर काका "जा, मजा कर" म्हणतील असं तुला वाटलं असणार. नाही म्हणणार.

परतीचं तिकीट ११ मार्चचं काढ. आपल्या मुलींचे गटसामने तीन: ४ ला व्हिएतनाम, ७ ला जपान, दोन्ही पर्थला. १० ला चायनीज तैपेई, म्हणजे तैवान, सिडनीला. ते झालं की मग विमानात बस. पर्थ ते सिडनी चार-पाच तासांचं उड्डाण आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तर सांगतोय.

आधी एक राग काढून टाकतो. "पुरुषांचा संघ पात्र ठरला असता तर सौदीलाच गेले असते," असं तू वर लिहिलंयस, म्हणजे २०२७ च्या पुरुषांच्या आशियाई चषकाला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरनं आपल्याला २-१ नं हरवलं तेव्हा मी फातोर्डा स्टेडियमात होतो. छांगटेनं चौदाव्या मिनिटाला गोल केला आणि तासाभरात सगळं हातचं गेलं. त्याच वर्षी जुलैत चियांग माईला आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ नं हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात जायची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ. आणि तू त्यांना सौदीच्या बदल्यात मिळालेली सहल समजतेस? परत असं लिहू नकोस.

आता शारजाची गोष्ट. तुला अर्धीच माहीत आहे, कारण अर्धीच मी सगळ्यांना सांगतो. पुरुषांचा आशियाई चषक, ६ जानेवारी २०१९, अबू धाबी, थायलंडवर ४-१. छेत्रीचे दोन, थापाचा एक, जेजेचा एक. शेजारच्या अनोळखी मलयाळी पोराच्या गळ्यात पडून मी रडलो. १० तारखेला अमिरातीकडून ०-२ हरलो, तेही पाहिलं. न सांगितलेला भाग असा, की माझं परतीचं तिकीट १२ चं होतं. १४ ला शारजात बहारीनशी शेवटचा गटसामना होता, बरोबरी झाली तरी बाद फेरी पक्की होती. म्हटलं, एवढं तर होईलच, ऑफिसमध्येही काम साचलंय. १४ तारखेला भोगी होती. पुण्यात रात्री ताटात भाकरी आणि भोगीची भाजी घेऊन मोबाइलवर सामना बघत बसलो. नव्वद मिनिटं ०-०. मग भरपाईच्या वेळेत पेनल्टी. जमाल राशेदनं मारली आणि आपण थेट गटाच्या तळाशी.

माझ्या असण्यानं ती पेनल्टी चुकली नसती. एवढी अक्कल मला आहे, तुझ्या बाबांनी तेव्हा ऐकवलीही होती. पण ती पोरं मैदानात आडवी पडली होती आणि मी ताटावर बसलो होतो. ज्या कामासाठी परत आलो ते काय होतं, हे आज आठवत नाही.

तेव्हापासून एकच धरून बसलोय: परतीचं तिकीट शेवटच्या गटसामन्यानंतरचं. पुढच्या आशियाई चषकाला, कतारला जानेवारी २०२४ मध्ये, तसंच केलं. ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. तीन सामने, एकही गोल नाही, एकही गुण नाही. शेवटचा अल खोरला, त्या तंबूसारख्या अल बैत स्टेडियमात. ७६ व्या मिनिटाला खरिबीननं गोल केला. परतताना बसमध्ये कोणी बोलत नव्हतं. मेहुणीच्या घरची वास्तुशांत मी त्यासाठी चुकवली. तुझी काकू अजून म्हणते, "शून्य गोल बघायला एवढे पैसे घातले." घातले. पुन्हा घालेन. शारजाचं जसं बोचतं तसं कतारचं काहीच बोचत नाही, हे तिला दोन वर्षं समजावतोय म्हणायला हवं, पण खरं तर मी स्वतःलाच समजावतो.

तुझ्या गणितातली चूकही बघ. बारा संघ, तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे, शिवाय तिसऱ्या क्रमांकाचे सर्वोत्तम दोन. म्हणजे जपानकडून कितीही मार खाल्ला तरी निकाल सिडनीतच लागणार. तू नेमका तोच सामना घरी बसून बघणार म्हणतेस. भोगीची भाजी मी करून देऊ का?

आणि जपानचा सामना सोडून पर्थमध्ये समुद्रावर फिरायला जाऊ नकोस. ते २०११ चे जगज्जेते आहेत, पाच-सहा बसतील कदाचित. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघानं पाच खाल्ले म्हणून तालमीची पोरं कधी उठून गेलीत? तू त्याच गॅलरीत वाढलीस.

२०१८ ला अंधेरीत तैपेईवर आपण ५-० नं जिंकलो तेव्हा गॅलरीत २,५६९ माणसं होती. छेत्रीनं हात जोडून व्हिडिओ काढला, शिव्या द्या पण मैदानात या म्हणाला, तेव्हा कुठं पुढचा सामना भरला. त्या २,५६९ मध्ये मी नव्हतो, पुण्याहून तीन तासांवर असून. हेही लिहून ठेवतो.

बाकी कामाचं. व्हिसाचा अर्ज आजच भर, तो विमानतळावर हातात मिळत नाही. सिडनीचा सामना पॅरामाटाला आहे, तिथल्या स्टेडियमपासून हॅरिस पार्क ही वस्ती चालत जाण्याजोगी आहे, आपल्याकडची खानावळ-हॉटेलं तिथं भरपूर, तिकडेच स्वस्त खोली बघ. लाडू-चिवडा नेलास तर विमानातल्या कार्डावर न लपवता लिही. हलगी नेऊ नकोस. ती कातड्याची, तिकडे त्याची फार चौकशी होते. टाळ ने, आवाज पुरतो.

पर्थ-सिडनीचं भाडं मी देतो. उपकार समजू नकोस, माझा गुडघा विमानात वाकत नाही म्हणून तुला पाठवतोय. तिकीट काढलंस की फोटो पाठव. परतीची तारीख आधी बघणार आहे.

तुझा,
काका