नाणं सम्राटाचं, मुदत १२० दिवसांची

हाँगकाँगहून आणलेलं सोन्याचं नाणं मुंबई विमानतळावर कस्टम्सनं जप्त केलं. ते चलन आहे, मग सोनं म्हणून कसं धरलं, असं कोल्हापूरच्या एका वाचकांनी विचारलंय. नाण्याच्या जागी बिस्किट किंवा कडं घातलं की झालं, अशी पत्रं माझ्याकडे सारखी येतात.

नाणं १९८४ चं, चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याच्या स्मरणार्थ काढलेलं, दर्शनी किंमत १०० युआन. पंचनाम्यात मात्र सम्राट नाही: ‘पिवळ्या धातूचं नाणं, एक नग, ११.३ ग्रॅम.’ दागिने सोडून कुठल्याही रूपातल्या सोन्याला बॅगेजची (प्रवाशाच्या सामानाला मिळणारी ड्युटीमाफीची) सवलत नाही. चलनाचा मुद्दा मांडता येईल, पण त्या भरवशावर मी तरी राहणार नाही. आणि ‘दुर्मीळ आहे, किंमत जास्त आहे’ हे कस्टम्सच्या साहेबांना पुन्हा सांगू नका. दंडाची कमाल मर्यादा बाजारभावातून ड्युटी वजा करून ठरते, म्हणजे किंमत वाढवून सांगितलीत की ती मर्यादाही वाढते.

तुमचं सगळं अडलंय ते तारखेवर. कस्टम्सचा १२ मेचा जप्तीचा आदेश त्याच दिवशी सही करून घेतलात. त्यात दंड भरून नाणं सोडवायची मुभा आहे. कस्टम्स कायद्याच्या कलम १२५(३) प्रमाणे १२० दिवसांत दंड भरला नाही आणि अपीलही प्रलंबित नसेल, तर ती मुभा रद्द होते. म्हणजे ९ सप्टेंबर. अपिलाचे ६० दिवस ११ जुलैला संपले. सबळ कारण दाखवलं तर आणखी ३० दिवस मिळतात, १० ऑगस्टपर्यंत. त्यापुढे एक दिवसही माफ करायचा अधिकार आयुक्तांना (अपील) नाही. आज २० जुलै. मधल्या काळात तुम्ही तीन विनंतीअर्ज पाठवलेत आणि ‘गणपतीत मुंबईला येऊ तेव्हा बघू’ म्हणताय. अर्जानं मुदत थांबत नाही हो!

नाणंच हवं असेल तर दंड (नाणं सोडवण्यासाठीचा), ड्युटी आणि पेनल्टी (तुमच्यावर वेगळी लावलेली) भरून सोडवा. रक्कम फारच वाटली तर अपील करा, पण निकालाला किती महिने लागतील हे मी सांगणार नाही.

एक गोष्ट पत्राच्या शेवटी सहज लिहिलीत: नाण्याच्या खरेदीचं बिल मेहुण्यांच्या नावावर आहे. दंड भरून सोडवायचा हक्क आधी मालकाचा असतो. त्यांच्याकडून याच आठवड्यात अधिकारपत्र घ्या, बिलाची मूळ प्रतही मागवा.