खोक्यावर ११५०, क्रोनोग्राफवर १०६०: ९ मिमी काडतुसाचा वेग एवढा कमी का भरतो?

तुमच्या काडतुसातली गोळी १२४ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप), खोक्यावर ११५० फूट प्रति सेकंद छापलेलं, आणि ३.१ इंची नळीच्या पिस्तुलातून क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, सरासरी १०६०. कंपनी फसवतेय का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. तो आकडा तुमच्या पिस्तुलाचा नाहीच.

छापलेला वेग बहुधा चाचणीच्या नळीचा असतो. अमेरिकेतल्या सॅमी या उत्पादकांच्या मानक संस्थेनुसार ती ९ मिमीसाठी ४ इंची, .४५ एसीपीसाठी ५ इंची. काही खोक्यांवर ही लांबी छापलेली असते, ती आधी शोधा. पिस्तुलाची नळी चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती मागची जागा, धरून मोजतात. ९ मिमीची पुंगळी पाऊण इंचाची, म्हणजे तिच्या तोंडापुढे तुमच्या नळीत उरतात सुमारे २.३५ इंच आणि चाचणीच्या नळीत ३.२५. दर इंचामागे साधारण २५ ते ५० फुटांचा फरक पडतो आणि नळी आखूड असेल तिथे तो जास्त जाणवतो. तुमच्या ९० पैकी निम्मी घट इथेच गेली.

उरलेली कुठे गेली? सॅमीच्या मानकात एकेका लॉटच्या सरासरीलाच ९० फूट वर-खाली सूट आहे. चाचणीच्या नळीचा चेंबर घट्ट, नेमक्या मापाचा असतो, कारखान्यातल्या पिस्तुलाचा थोडा सैल. एकाच लांबीच्या दोन नळ्यासुद्धा सारखा वेग देत नाहीत. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतूनही वायू निसटतो.

पण आधी मोजणी तपासा. सेन्सरचा क्रोनोग्राफ नळीच्या तोंडापासून १० ते १५ फुटांवर ठेवा. जवळ ठेवला तर स्फोटाचा झोत सेन्सरला गोळी वाटतो आणि भलतेच आकडे येतात. दोन सेन्सरमधलं २ फुटांचं अंतर ३ मिलिमीटरने चुकलं, तरी वेगात अर्धा टक्का चूक होते. कडक उन्हात सेन्सरच्या वर उजेड पसरवणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या लावाच. ट्यूबलाइटच्या लुकलुकीनेही आकडे बिघडतात. रडारवाल्या यंत्राला उजेडाची अडचण नसते.

पाच गोळ्यांवर निष्कर्ष काढू नका. किमान १० झाडा, २० झाल्या तर उत्तम. प्रमाण विचलन (गोळ्यांचे वेग सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) १५ फूट असेल, तर १० गोळ्यांची सरासरीही सुमारे १० फूट इकडेतिकडे असू शकते. तेल लावलेल्या स्वच्छ नळीतली पहिली गोळी हिशेबात धरू नका. काडतुसं उन्हात ठेवू नका, तापमान लिहून ठेवा.

.३८ स्पेशल मोजणाऱ्यांनी आणखी एक जपावं. ती पुंगळी काळ्या दारूच्या काळातली, त्यामुळे आजची दारू तिच्यात थोडीच जागा व्यापते आणि इकडेतिकडे सरकते. दारू प्रायमरकडे (तळाच्या पेटवणाऱ्या टोपीकडे) सरकली तर वेग वाढतो, गोळीकडे सरकली तर घटतो, आणि हा फरक ५० फुटांच्या वर जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक वेळी शस्त्र एकाच पद्धतीने उचला, नळी कायम लक्ष्याच्या दिशेनेच.

८ टक्के वेग घटला की ऊर्जा १५ टक्के घटते, कारण तिथे वेगाचा वर्ग येतो: तुमच्या बाबतीत ३६४ फूट-पाउंडांवरून ३०९. आयपीएससी या नेमबाजी स्पर्धांच्या संघटनेच्या मायनर गटासाठी मात्र ग्रेन गुणिले वेग, भागिले १०००, हा आकडा १२५ लागतो. तुमचा १३१ येतो, म्हणजे १२४ ग्रेनला १००९ फूटही पुरले असते.